ब्रेक वाजतोय? पाना घेण्याआधी आवाज नीट ऐका

दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा पुढचा डावा ब्रेक वाजायला लागला. सिग्नलला गाडी थांबता थांबता, शेवटच्या दहा-पंधरा फुटांत अशी कुईं व्हायची की शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा. एका गॅरेजात दाखवली. उभ्या उभ्या ऐकून "पॅड गेले" असं सांगितलं, नवे पॅड बसले, आणि आठ दिवसांनी तीच कुईं परत सुरू. जुने पॅड मी मागून घेतले होते, ते घरी आणून मोजले. त्या डाव्या चाकातला आतल्या बाजूचा पॅड तीन मिलिमीटरवर आला होता आणि बाहेरचा सात मिलिमीटर शिल्लक होता. एकाच चाकातले, एकाच दिवशी बसवलेले दोन पॅड असे कमी-जास्त झिजले तर दोष पॅडचा नसतो. दोन्ही पॅडना धरून ठेवणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक पिन गंजून जाम झाली होती. पिन साफ केली, योग्य ग्रीस लावलं आणि आवाज गेला. पॅडचे पैसे मात्र जाऊन बसले होते.

म्हणून गाडीची कामं नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगतो: पार्ट विकत घ्यायच्या आधी आवाजाची चौकशी करा. तो केव्हा येतो, कुठल्या चाकातून येतो, पाय पेडलवर असताना येतो की नसताना? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. पुढचं सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या हॅचबॅक आणि लहान सेडान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, म्हणजे पुढे डिस्क आणि मागे ड्रम.

ब्रेक वाजतो म्हणजे काय होतं

चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड तबकडी म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि दोन्ही पॅडना कवेत घेऊन बसलेला असतो तो कॅलिपर. तुम्ही पेडल दाबलं की ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो आणि आतला पॅड डिस्कवर टेकवतो. त्याच क्षणी अख्खा कॅलिपर पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर आणून दाबतो. हे सरकणं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

शाळेतला फळा आठवा. खडू एका विशिष्ट कोनात धरला की किंचाळतो. कोन बदलला किंवा खडू मोडून आखूड केला की तोच खडू गप्प होतो. खडू फळ्यावरून सलग सरकत नाही, तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. पॅडचंही तसंच. डिस्कवर तो सेकंदाला हजारो वेळा अडकतो-सुटतो, ती थरथर डिस्कमध्ये उतरते आणि बिडाची तबकडी थाळीसारखी वाजते. हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा त्याने तांब्याचे पॅड वापरले होते, आणि त्या ब्रेकची मोठी तक्रार हीच होती की तो भयंकर किंचाळतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की वाजणारा ब्रेक बऱ्याचदा नीट लागतही असतो. थरथर कमी केली की आवाज जातो. पॅडमागचा पातळ पत्रा, ज्याला शिम म्हणतात, पॅडच्या कानांखालच्या, म्हणजे दोन टोकांना बाहेर आलेल्या भागांखालच्या, स्टीलच्या क्लिपा, पॅडच्या उतरत्या कापलेल्या कडा आणि ठरावीक जागी लावलेलं ग्रीस, हे सगळं त्यासाठीच असतं. गडबडीत काम झालं की नेमकं यातलंच काहीतरी राहून जातं.

या खुणा दिसल्या तर गाडी चालवू नका

कुईं आणि खरखर यांत फरक करायला शिका. कुईं पातळ आणि उंच असते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी जाड खरखर ऐकू आली आणि ती पेडलमधून पायालाही जाणवली, तर पॅडचं मटेरियल संपलंय आणि मागची लोखंडी पट्टी डिस्क खरवडतेय. पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, स्पंजासारखं दबत असेल, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागत असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर घरी काही उघडून बघत बसू नका. गाडी जिथे असेल तिथे मेकॅनिक बोलवा. हे मी मनापासून सांगतोय. ब्रेकच्या बाबतीत "गॅरेजपर्यंत तर जाईल" हा हिशेब करू नये.

पहिलं काम: ऐकणं

एखादी मोकळी सकाळ काढा. रेडिओ आणि एसी बंद करा, चारही काचा खाली घ्या आणि जिथे एका बाजूला लांब कंपाउंड भिंत आहे अशा रस्त्यावर जा. भिंतीमुळे आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूचं चाक आहे ते कळतं. आधी डावीकडे भिंत ठेवून जा, मग वळून उजवीकडे ठेवून या. घरातलं कोणी सोबत असेल तर त्याला फुटपाथवर उभं करा आणि त्याच्यासमोरून माणसाच्या चालीने गाडी नेत हलका ब्रेक लावा. बाहेरच्या माणसाला आतल्यापेक्षा चांगलं कळतं.

पुढचं चाक की मागचं, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. मोकळ्या मैदानात ताशी पाच-दहा किलोमीटरने चालत असताना हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि दांडा हळूहळू वर घ्या. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तेव्हा आवाज आला तर तो मागच्या ड्रममधला. न आल्यास पुढे बघा.

आता केव्हा वाजतो ते. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकना वाजतो आणि मग दिवसभर गप्प, असं असेल तर काही करू नका. बीड उघडं असतं, रात्रीच्या दमटपणाने किंवा गाडी धुतल्यावर त्यावर गंजाचा नारिंगी पापुद्रा येतो आणि पॅड तो पुसून टाकतात. जून ते सप्टेंबरात आणि कोकणात तर बाराही महिने हे होतं. कित्येक लोक एवढ्यासाठी पॅड बदलून घेतात, ते पाहून वाईट वाटतं.

पाय पेडलवर नसताना सलग बारीक किरकिर येते आणि ब्रेक दाबला की ती थांबते किंवा बदलते, याची दोन मोठी कारणं. एक, पॅडवरची सूचना देणारी पट्टी. बऱ्याच पॅडना स्टीलची वाकवलेली छोटी जीभ असते. पॅड साधारण दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम आवाज करते. दुसरं कारण खडा. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या ढालीमध्ये बारीक खडा अडकतो. त्याचा आवाज अचानक सुरू होतो आणि इतका भीषण असतो की माणूस घाबरतो. थोडी गाडी मागे-पुढे केली की बहुतेक वेळा खडा पडतो. नाही पडला तर चाक काढून पेचकसाने ढाल जरा बाहेर ढकलली की काम झालं.

थांबता थांबता, अगदी कमी वेगात येणारी कुईं म्हणजे नेहमीची थरथर. कोरड्या पडलेल्या क्लिपा, हरवलेला शिम, चकचकीत झालेला पॅड, जाम पिन, यांपैकी काहीतरी. लांब घाट उतरून आल्यापासून सुरू झाली असेल तर पॅड तापून गुळगुळीत झाल्याचा संशय घ्या.

ब्रेकचे नसलेले आवाजही ध्यानात ठेवा. गाडी चालू करताच, उभ्या जागी येणारा चीत्कार इंजिनच्या बेल्टचा असतो. वेगाबरोबर वाढणारी आणि ब्रेकशी संबंध नसलेली घरघर चाकाच्या बेअरिंगची. करकचून ब्रेक मारल्यावर पायाला येणारी धडधड एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, ती बिघाडाची खूण नाही.

एक शेवटची तपासणी. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आल्यावर हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ न्या. हात लावू नका, डिस्क भाजून काढते. पुढच्या दोन चाकांत एक जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. आमच्या गाडीत ही तपासणी पहिल्याच दिवशी केली असती तर डावं चाक लगेच सापडलं असतं.

चाक काढताना

सपाट, पक्की जागा हवी. उतारावर किंवा मातीवर हे काम करू नका. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा, जॅकवर चाक उचललं की ते फिरतं आणि नट निघत नाहीत. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. गाडी उचलल्यावर खाली स्टँड ठेवा. गाडीबरोबर आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, नुसत्या त्याच्या भरवशावर कोणताही अवयव गाडीखाली जाता कामा नये. स्टँड नसेल तर तो आणल्याशिवाय कामच काढू नका.

बाकीचं सामान असं: बारा-चौदा नंबरचे पाने (गाडीगणिक फरक पडतो), जी-क्लॅम्प, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सुती फडकी, तार, हातमोजे, मास्क, सिलिकॉन ग्रीस आणि जास्त उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस. मास्क टाळू नका. ब्रेकची काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवायची नसते. ती ओली करून फडक्याने पुसायची.

पॅड बघणं आणि मोजणं

चाक निघालं की कॅलिपर समोर दिसतो. त्याच्या पाठीवर बहुतेक गाड्यांत एक खिडकी असते, तिच्यातून टॉर्च मारून पॅड बघता येतो. पण इथेच नवखे फसतात. बाहेरचा पॅड सहज दिसतो, तो जाड दिसला की "चांगले आहेत" म्हणून चाक परत बसवतात. आतला पॅड मान वाकडी करून, टॉर्च आणि आरसा घेऊन बघावा लागतो, आणि बहुतेकदा तोच आधी संपतो.

मोजायचं ते फक्त मटेरियल, मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. तीन मिलिमीटर राहिला की बदलायला काढा, दोनच्या खाली एक दिवसही नको. पॅड एका चाकाचे कधीच बदलू नयेत, डावं-उजवं दोन्ही एकदम. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

पॅड काढायला कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उघडता येतो, काही गाड्यांत दोन्ही बोल्ट काढावे लागतात. पूर्ण काढलात तर तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. रबरी पाइपवर लोंबकळू दिला तर पाइप आतून फाटू शकतो आणि बाहेरून काही कळतही नाही. आणि पॅड बाहेर असताना पेडलला कोणी हात-पाय लावायचा नाही, लहान मुलं गाडीत असतील तर आधी त्यांना उतरवा. पिस्टन बाहेर पडला तर काम वाढलंच समजा. दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी, म्हणजे कुठली क्लिप कुठे बसते ते विसरलं तरी पलीकडे बघून कळतं.

आता चारही पॅड फरशीवर ओळीने मांडा: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. असे मांडले की ते स्वतःच बोलतात. आतला-बाहेरचा फरक असेल तर पिन. एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर पिन किंवा गंजलेली क्लिप. डाव्या-उजव्या जोडीत फरक असेल तर एका बाजूचा पिस्टन अडकतोय. सगळे सारखे झिजलेत, जाड आहेत, पण पृष्ठभाग काचेसारखा चमकतोय, तर ते तापून चकचकीत झालेत. पॅडवर तेलकट ओल असेल तर तो पॅड गेला, कितीही धुतला तरी तेल मुरलेलंच राहतं. शिवाय तेल आलं कुठून ते शोधल्याशिवाय नवा बसवायचा नाही.

चकचकीत पॅड फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर घासून परत बसवायची गॅरेजात रीत आहे. पॅड जाड असेल, भेगा नसतील, जळका वास नसेल तर ती चालते, माझी हरकत नाही. फक्त फरशीऐवजी सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठाच्या आकारात घासा. फरशीवर पॅड तिरका घासला जातो आणि मग नव्याने वाजतो. कडा भुसभुशीत होऊन सुटत असतील तर मात्र घासण्यात वेळ घालवू नका.

डिस्कवरून नखाने आडवी रेघ ओढा. बारीक रेषा चालतात, नख अडकेल अशी खोल चर चालत नाही. डिस्कवरच किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्निअर कॅलिपरने मोजताना लक्षात ठेवा की बाहेरची कड झिजत नाही, तिथे ओठासारखा उंचवटा राहतो. जाडी त्या ओठाच्या आतल्या बाजूला, जिथे पॅड घासतो तिथे मोजायची. लेथवर टर्निंग करून द्यायला वर्कशॉप तयार असतात, पण टर्निंगनंतरची जाडी त्या किमान आकड्याच्या वरच राहिली पाहिजे. नाहीतर नवी डिस्कच घ्या.

पिन: ज्यामुळे सगळं अडतं

हा भाग सावकाश करा. दोन्ही पिना रबरी बुटांत बसलेल्या असतात. बोटाने ढकलून बघा. निरोगी पिन मऊपणे आत जाते आणि आतल्या हवेने किंचित परत येते. आमच्या गाडीची वरची पिन अशीच होती. खालची मात्र हलेचना. पकडीने फिरवत फिरवत बाहेर काढली तेव्हा टोकाला ग्रीसऐवजी चिकट तपकिरी लगदा होता आणि मधोमध नखाएवढ्या जागेत गंजाचे खवले. रबरी बुटाला वरच्या बाजूने केसाएवढी चीर गेली होती, तिच्यातून दोन पावसाळ्यांचं पाणी आत उतरत होतं. एवढ्याशा चिरेपायी बाहेरचा पॅड काम करेनासा झाला आणि सगळा भार आतल्यावर आला.

पिन बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, क्लीनरने पुसा. ज्या भोकात ती बसते तेही फडक्याची वात करून आतून कोरडं, स्वच्छ करा. खड्डे खोल असतील तर नवी पिन आणि नवा बूट घ्या, पिन-बुटाचं किट नव्या पॅडच्या मानाने स्वस्त असतं. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. इथे साधं पिवळं-निळं ग्रीस चालत नाही, त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिन पुन्हा आवळली जाते. ग्रीस ठासून भरू नका, आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. बऱ्याच गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीच्या टोकाला रबराची बाही असते, म्हणून अदलाबदल होऊ देऊ नका.

साफसफाई आणि बसवणी

स्टीलच्या क्लिपा काढा आणि त्यांच्याखालचा गंज वायर ब्रशने खरवडून काढा. हा गंज फुगून क्लिप वर उचलतो, पॅडचे कान आवळले जातात आणि पॅड मोकळा सरकत नाही. नुसती क्लिप पुसून भागत नाही.

पिस्टन मागे सारायचा असेल (नव्या जाड पॅडसाठी सारावाच लागतो) तर आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण सैल करा, जुना पॅड पिस्टनवर ठेवा आणि जी-क्लॅम्पने अगदी हळू आवळत आत घाला. डबीतली पातळी वर येईल. मध्ये कोणी टॉप-अप करून ठेवलं असेल तर ऑईल बाहेर सांडेल, आणि ब्रेक ऑईल रंग खातं, सांडल्यास लगेच पाण्याने धुवा. पॅड झिजतात तशी पातळी आपोआप उतरते, म्हणून पातळी कमी दिसली की नुसतं ऑईल ओतू नये, आधी पॅड बघावेत. पिस्टन हलत नसेल किंवा त्याभोवतीचं रबर फाटलेलं, ओलसर असेल, तर तिथे थांबा. ते काम कॅलिपर खोलून किट टाकण्याचं आहे, अनुभवी हातालाच द्या. मागेही डिस्क असलेल्या गाड्यांत काही पिस्टन दाबून नाही तर फिरवून आत जातात आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडवर घ्यावा लागतो, तिथे जी-क्लॅम्पचा जोर लावू नका.

उष्णता सोसणारं ग्रीस तीन ठिकाणी, पापुद्र्याएवढं: पॅडच्या कानांवर, पिस्टन टेकतो तिथे पॅडच्या पाठीवर आणि कॅलिपरचे पंजे टेकतात तिथे. शिम पॅडबरोबर आले असतील तर बसवायला विसरू नका, जुने चांगले असतील तर साफ करून परत वापरा. डिस्कवर किंवा पॅडच्या तोंडावर ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये. लागलाच तर डिस्क क्लीनरने पुसा. नवी डिस्क असेल तर ती तशीही पुसायचीच, गंज धरू नये म्हणून तिच्यावर तेलाचा थर दिलेला असतो.

आवाज बंद करायला ब्रेकवर गंज काढायचा स्प्रे, इंजिन ऑईल किंवा रॉकेल मारणारे लोक मी पाहिलेत. आवाज जातो खरा, पण ब्रेकही जातो. हे कोणी सुचवलं तर ऐकू नका.

नवे पॅड घेताना गाडीचं मॉडेल, साल आणि व्हेरिएंट सांगा, बिल घ्या आणि जुना पॅड दुकानात नेऊन आकार ताडून बघा. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात पण जास्त वाजतात. शहरात रोज चालणाऱ्या साध्या गाडीला कंपनीने दिलेल्या प्रतीचेच पॅड लावावेत असं माझं मत आहे.

मागचे ड्रम

ड्रममधून वाजत असेल तर कारण बहुधा धूळ. ड्रम बंद असतो, आतल्या अर्धगोल शूवर बसवलेल्या लायनरची, म्हणजे पॅडसारख्याच घासणाऱ्या थराची, झिजलेली भुकटी बाहेर पडत नाही. कोकणातली जांभ्याची लाल माती तर आत जाऊन पिठासारखी बसते. ड्रम काढून सगळं ओल्या फडक्याने पुसणं, शू जिथे मागच्या पत्र्याला टेकतात तिथे ग्रीसचा ठिपका देणं, लायनर हलके घासणं, एवढ्याने बहुतेक आवाज जातात. पण आतल्या स्प्रिंगा ताणून बसवाव्या लागतात आणि शेवटी अ‍ॅडजस्टमेंट असते. पहिल्यांदा करणाऱ्याने हे कोणाच्या तरी शेजारी बसून शिकावं. आत शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबराभोवती ओल दिसली तर सिलिंडर गळतोय, ते आधी दुरुस्त करायचं.

गाडी हलवण्याआधी

चाक बसवा, नट हाताने लावा, मग गाडी खाली घेऊन आडव्या-तिरप्या क्रमाने आवळा. आता सगळ्यात महत्त्वाचं. पिस्टन मागे गेलेले असल्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाशी जातं. गाडी जागेवर ठेवून पेडल घट्ट लागेपर्यंत पंपिंग करा. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली आणि ब्रेकच लागला नाही, असे अपघात घराच्या दारात होतात. पंपिंगनंतर ब्रेक ऑईलची पातळी बघा. ऑईल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीचं नवं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्या ऑईलसाठी तीच किमान मर्यादा १५५ आहे. घाटात पेडल अचानक मऊ पडण्यामागे हे असू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचंच.

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून पंधरापर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट गाडी तशीच चालवून डिस्क गार होऊ द्या आणि पुन्हा लावा. असं आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढला की आवाज बसतो. पुढचे दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा आणि या काळात कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरायची वेळ आणू नका.

घाट उतरताना एरवीही पाय पेडलवर ठेवून उतरायचं नसतं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक थोडा वेळ ठाम लावून पूर्ण सोडा, पुन्हा लावा. घाटाखाली येऊन तापलेल्या चाकांवर पाणी मारणं तर कधीच नको, बीड वेडंवाकडं होतं, तडकतंही.

पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. ओल्या ड्रमला लायनर चिकटून बसतात. गणपतीला गावी नेलेली गाडी परत निघताना हलेना झाली, असं दरवर्षी कोणाचं तरी होतं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

काम झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून बघा. आणि सर्व्हिसच्या वहीत चार आकडे लिहा, किलोमीटर आणि तारखेसकट. पिन साफ केल्यानंतर पंधरा हजार किलोमीटरनी मी आमचे पॅड परत मोजले. डावा आतला साडेसहा, डावा बाहेरचा साडेसहा, उजवा आतला साडेसहा, उजवा बाहेरचा सात.